सीआरपी ४२ आलाय, घाबरायचं का? (व्हायरल ताप आणि रक्तातले लाल आकडे)

मुळशीकर (धागाकर्ता)

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा. बाबांना (वय ६८, बीपीची गोळी चालू, शुगर नाही) रविवारपासून ताप, १०१-१०२ पर्यंत जातोय, कोरडा खोकला आणि अंगदुखी एवढी की कूस बदलतानाही कण्हतात. आज तिसरा दिवस. फॅमिली डॉक्टरांनी फक्त सीबीसी आणि फ्लूची स्वॅब सांगितली होती. पण घरी सँपल घ्यायला आलेला मुलगा म्हणाला की सर एवढ्यासाठी टोचतोच आहोत तर फीवर पॅकेज करून टाका, सगळंच कळेल, आणि मीही हो म्हणालो.

आता कळलंय ते असं. स्वॅब इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह, कोविड निगेटिव्ह. पांढऱ्या पेशी ५२००. ईएसआर ४६, सीआरपी ४२, फेरिटिन ६१०, एलडीएच थोडं वर, डी-डायमर ७८०. अॅपवर हे सगळं लालभडक दिसतंय आणि बाजूला वर जाणारे बाण. सॅच्युरेशन ९७ आहे, पेज आणि मेतकूट भात थोडा खाल्ला. डॉक्टरांना रिपोर्ट पाठवला तर त्यांनी 'ठीक आहे, फ्लूची गोळी पाच दिवस पूर्ण करा, दम लागला तर लगेच फोन' एवढंच लिहिलं.

पण फॅमिली ग्रुपवर आमच्या आतेभावाने रिपोर्ट बघून मोठा मेसेज टाकलाय की एकवीस साली कोविडमध्ये हेच आकडे होते, स्टेरॉइड लगेच सुरू करायला सांग, वाट बघू नकोस. आई तेव्हापासून देवापुढे बसून आहे. कोणी जाणकार असेल तर सांगा, हे आकडे नक्की काय सांगतात?

अण्णा_नाशिक

पॅकेज घेतलंत तिथेच फसलात. सीबीसी सांगितली होती ना, तेवढीच करायची. आता बसा बाण मोजत.

निशिगंध

अण्णा, त्यांचे वडील आजारी आहेत, जरा दमानं घ्या. मुळशीकर, सॅच्युरेशन ९७ आहे, खातायत, बोलतायत, हे चांगलं आहे. डॉक्टर मंडळी येतीलच इथे. मीही वाचतेय, मला पण फेरिटिनबद्दल विचारायचंय.

रक्तपिपासू

नाव बघून घाबरू नका, पेशाने पॅथॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं लोकांचं रक्तच बघतोय. आधीच सांगतो, धाग्यावर मी कोणाला औषध सांगणार नाही आणि दुसऱ्या कोणी सांगितलं तर घेऊ नका. तुमच्या डॉक्टरांनी पेशंट पाहिलाय, मी नाही. पण हे आकडे काय असतात ते सांगू शकतो.

सीआरपी हे विषाणूचं काही नाही, ते आपल्याच यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की तिथल्या पेशी आयएल-६ नावाचं रसायन सोडतात, ते रक्तातून यकृताला निरोप देतं आणि यकृत सीआरपी बनवायला लागतं. हे सापडलं १९३० मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना, तेही न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात. न्यूमोकॉकस जंतूच्या सी-पॉलिसॅकराइडला ते चिकटत होतं म्हणून नाव सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. म्हणजे जन्मच श्वसनाच्या आजारातला, पण पुढे कळलं की न्यूमोनियाच काय, गळू झालं, संधिवात भडकला, ऑपरेशन झालं, हाड मोडलं तरी हे वाढतं. लांबून डॉल्बी ऐकू येतो तेव्हा काहीतरी चालू आहे एवढं कळतं, लग्न आहे की मिरवणूक ते नाही कळत. सीआरपीचं तसंच.

आता वेळेचं गणित. दाह सुरू झाल्यावर सहा-आठ तासांत चढायला लागतो, दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठतो. आणि कारण थांबलं की साधारण १९ तासांत निम्मा होतो. तुम्ही सँपल दिलं तिसऱ्या दिवशी, म्हणजे अगदी शिखरावर. साध्या फ्लूमध्ये दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ३०, ४०, ६० दिसणं ही रोजची गोष्ट आहे. त्यात तिसऱ्या दिवशीचा ४२ मला एकट्याने काहीच सांगत नाही. हाच ४२ जर ताप उतरून गेल्यावर सातव्या दिवशी वाढत वाढत १४० झाला असता तर मी खुर्चीतून उठलो असतो, कारण फ्लूनंतर बॅक्टेरियाचा न्यूमोनिया बसतो तो असाच, एकदा बरं वाटतं, मग परत थंडी वाजून ताप, पिवळा बेडका, छातीत दुखणं.

मुळशीकर

खूप आभार डॉक्टर. शिखराचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. मग डी-डायमरचं काय? आतेभाऊ म्हणतो ५०० च्या वर म्हणजे गुठळ्या.

रक्तपिपासू

गुठळी विरघळताना फायब्रिनचे जे तुकडे पडतात तो डी-डायमर. तो नॉर्मल असेल आणि लक्षणंही फारशी संशयास्पद नसतील तर पायात किंवा फुप्फुसात गुठळी असण्याची शक्यता फार कमी होते, त्याचा खरा उपयोग 'नाही' म्हणायला. वाढलेला असेल तर 'आहे' असं नाही म्हणता येत. ताप, वय, गरोदरपण, सर्जरी, कॅन्सर, नुसतं आठवडाभर अंथरुणात पडणं, सगळ्यांनी वाढतो. पन्नाशीनंतर तर मर्यादा वयागुणिक दहा अशी धरायची पद्धत आहे, म्हणजे तुमच्या बाबांना ६८०. तापात ७८० म्हणजे फार काही नाही. पाय एकाच बाजूचा सुजला, अचानक दम लागला, छातीत कळ आली तर मात्र आकडा न बघता दवाखाना.

टेस्टट्यूब

मी लॅब टेक्निशियन, सांगली. डॉक्टरांनी सांगितलं त्यात दोन पैसे माझे.

एक, एलडीएच 'थोडं वर' आलं तर आधी रिपोर्टच्या तळाला सँपल हिमोलाइज्ड असा शेरा आहे का बघा. एलडीएच हे पेशींमधलं एंझाइम, लाल पेशींमध्ये ठासून भरलेलं असतं. बारीक सुईने ओढून घेतलं, ट्यूब जोरात हलवली, मग पोरगं ते सँपल डिकीत टाकून मे महिन्याच्या उन्हात तीन घरं फिरलं की लाल पेशी फुटतात आणि एलडीएच वाढून दिसतं. लोकांना वाटतं फुप्फुसाला काही झालं, पण फुप्फुसं ठणठणीत असतात. पोटॅशियमचंही तेच.

दोन, आणि हे फार महत्त्वाचं, युनिट बघा युनिट!! सीआरपी काही लॅब मिलिग्रॅम पर लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम पर डेसिलिटरमध्ये. दहापटीचा फरक आहे. एकीकडे ४२ तो दुसरीकडे ४.२, माणूस तोच. डी-डायमरचं तर विचारू नका, कोणी नॅनोग्रॅममध्ये देतं कोणी मायक्रोग्रॅममध्ये, वर एफईयू आणि डीडीयू असे दोन प्रकार, एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट. मर्यादाही त्याप्रमाणे बदलते. २०२१ मध्ये लोक तीन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'वाढला वाढला' करत यायचे आमच्याकडे, काउंटरवर बसून समजावून समजावून घसा बसायचा आणि मास्कच्या आतून कोणाला ऐकूही यायचं नाही.

अण्णा_नाशिक

हे दुसरं आम्हा सामान्य लोकांना कोणी का सांगत नाही? म्हणूनच म्हणतो सगळा पॅकेजचा धंदा आहे.

टेस्टट्यूब

अण्णा, रिपोर्टवर आकड्याच्या शेजारीच छापलेलं असतं. कोणी वाचत नाही, सगळे बाण बघतात.

डच_पोळी

इकडे नेदरलँड्समध्ये बरोबर उलटी तऱ्हा. लेकीला खोकला-ताप घेऊन गेलो तर आमच्या हाउसआर्टने, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतलं आणि काही मिनिटांत तिथेच सीआरपी सांगितला. पण कशासाठी, तर अँटिबायोटिक 'न' देण्यासाठी. मला वाटलं कंजूषपणा आहे, घरी येऊन वाचलं तर ब्रिटनच्या नाइस या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच होतं. खोकला-तापाच्या पेशंटला तपासून न्यूमोनिया आहे की नाही नक्की ठरत नसेल तर सीआरपी करा, २० च्या खाली असेल तर अँटिबायोटिक नको, २० ते १०० मध्ये चिठ्ठी लिहून ठेवा पण बिघडलं तरच घ्या, १०० च्या वर असेल तर द्या. नियम मोठ्यांसाठी आहे, मुलांना असा सरळ लावत नाहीत असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेकीचा १८ आला आणि आम्हाला पॅरासिटामॉल घेऊन घरी पाठवलं, सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणाल्या की एवढ्यासाठी परदेशी गेलात का.

रक्तपिपासू

@डच_पोळी, चांगला मुद्दा. आणि मुलांचं खरंच वेगळं असतं, अॅडिनोव्हायरससारख्या साध्या विषाणूतही मुलांचा सीआरपी शंभरच्या वर जाऊ शकतो.

कोणी विचारायच्या आत प्रोकॅल्सिटोनिन या आणखी एका रक्ततपासणीबद्दल सांगतो. बॅक्टेरियाच्या मोठ्या संसर्गात ते वाढतं, आणि विषाणूच्या संसर्गात शरीर जे इंटरफेरॉन तयार करतं ते त्याला दाबून ठेवतं. म्हणून व्हायरल की बॅक्टेरियल या प्रश्नाला सीआरपीपेक्षा ते जरा बरं उत्तर देतं. पण जरा बरं, इतकंच. किडनी बिघडलेल्या माणसात ते उगाच वर असतं आणि महागही आहे. घरी ताप आलेल्या माणसाने पॅकेजमध्ये करायची ही टेस्ट नव्हे.

निशिगंध

डॉक्टर, माझा प्रश्न. माझं फेरिटिन कायम ८-१० असतं, हिमोग्लोबिन कमी. २०२१ मध्ये मला कोविड झाला तेव्हा ते ९५ आलं आणि सगळे म्हणाले अरे वा फेरिटिन नॉर्मल आहे, लोह भरून निघालं! मी गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी परत ९. तेव्हा ते ९५ खोटं होतं का?

रक्तपिपासू

खोटं नव्हतं, पण लोहाबद्दल नव्हतं. फेरिटिन हा लोहाचा साठाही दाखवतो आणि दाहातही वाढतो, एका आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या. ज्याचं मूळ ८ आहे त्याचं ९५ होणं म्हणजे भरपूर वाढ, पण 'नॉर्मल' रकान्यात बसल्यामुळे कोणाला दिसली नाही. उलट फॅटी लिव्हर असलेल्या, रोज 'थोडीशी' घेणाऱ्या माणसाचं बिनतापाचंही ४००-५०० असतं. मुळशीकर, बाबांचं आधीचं फेरिटिन माहीत नसेल तर ६१० मधले किती फ्लूचे आणि किती यकृताचे ते मी सांगू शकत नाही.

मुळशीकर

आधीचं कधी केलंच नाही. (थोडीशी चा प्रश्न मी बाबांना विचारणार नाही, आई शेजारीच बसलीये.)

कृष्णाकाठ

धागा सकाळपासून वाचतोय, लिहू की नको करत होतो.

एप्रिल २०२१. मोठा भाऊ, वय ४४, कोविड पॉझिटिव्ह. घरीच होता, ताप आणि खोकला, सॅच्युरेशन व्यवस्थित. गावाकडच्या एका छोट्या लॅबमध्ये रक्त तपासलं आणि दोन दिवसांनी शहरातल्या एका हॉस्पिटलात दाखवायला नेलं तर तिथे परत सगळं केलं. सीआरपी एकदम कितीतरी पट वाढला होता. तिथल्या डॉक्टरांनी फाइल बघितली आणि म्हणाले वादळ (सायटोकाइन स्टॉर्म, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच अंगावर उलटणं) सुरू झालंय, अॅडमिट करा, स्टेरॉइड आत्ता सुरू करतो, टोसिलिझुमॅबची, म्हणजे दाह दाबणाऱ्या इंजेक्शनची सोय बघून ठेवा. तेव्हा रेमडेसिविरच्या रांगा लागल्या होत्या ते आठवत असेल सगळ्यांना, आणि टोसी तर चाळीस हजारांच्या आसपास किंमत आणि कुठे मिळतच नाही. मी रात्रभर कोल्हापूर, सांगली, मिरज, पुणे फोन करत होतो, वहिनीने गंठण काढून ठेवलं होतं. टोसी मिळालं नाही. स्टेरॉइड बारा दिवस चाललं, शुगर चारशेवर गेली जी आधी कधीच नव्हती, आणि भाऊ त्यातून निघाला पण डायबेटिस राहिला तो राहिलाच. अजून इन्सुलिन घेतो.

मला आजवर वाटत होतं वादळ आलं होतं आणि वाचला. हा धागा वाचून झोप उडालीये. आकड्यावरून स्टेरॉइड द्यायचं नसतं का?

अण्णा_नाशिक

...

(पहिल्यांदाच माझ्याकडे बोलायला काही नाही.)

रक्तपिपासू

@कृष्णाकाठ, तुमच्या भावाचे कागद न बघता मी काही म्हणणार नाही, आणि ते दिवस कसे होते ते मीही लॅबमध्ये बसून बघितलंय, डॉक्टर उभे राहून झोपत होते. पण तुमचा प्रश्न सरळ आहे म्हणून सरळ उत्तर.

ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलने जून २०२० मध्ये डेक्सामेथासोनचे निकाल सांगितले. डोस रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या लोकांत २८ दिवसांतले मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आले, नुसत्या ऑक्सिजनवरच्या लोकांत २६ वरून २३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात फायदा शून्य, उलट स्टेरॉइड घेतलेल्यांत मृत्यू जरा जास्तच दिसले, १४ च्या जागी जवळजवळ १८ टक्के, अर्थात तो फरक योगायोगाचाही असू शकतो इतपतच. म्हणजे स्टेरॉइड कोणाला द्यायचं ते ठरवणारी गोष्ट ऑक्सिजन होती, सीआरपी नव्हे.

टोसिलिझुमॅबमध्ये मात्र सीआरपीला मान होता, तो त्याच ट्रायलमुळे, निकाल फेब्रुवारी २०२१. पण तिथेही अट दुहेरी होती, सॅच्युरेशन ९२ च्या खाली किंवा ऑक्सिजन चालू, 'आणि' सीआरपी ७५ मिलिग्रॅम पर लिटर किंवा जास्त. त्यातला 'आणि' आपल्याकडे कुठेतरी गळून पडला.

मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. गुलेरिया यांनी जाहीरपणे सांगितलं की सौम्य आजारात सीटी आणि असले बायोमार्कर करत बसू नका, याने घबराट आणि गरज नसताना स्टेरॉइड दोन्ही वाढतात. त्याच सुमाराच्या सरकारी सूचनांमध्ये मध्यम आजाराच्या, म्हणजे दाखल झालेल्या पेशंटसाठी सीआरपी आणि डी-डायमर ४८ ते ७२ तासांनी, आणि आयएल-६ फक्त तब्येत ढासळत असेल तर, असं होतं. घरी बसलेल्यांनी दिवसाआड करायचं नव्हतं. त्याच मे महिन्यात काळ्या बुरशीने महाराष्ट्रात काय केलं ते सांगायला नको, बेताल शुगर आणि स्टेरॉइड ही जोडी त्यामागे मोठी होती.

याचा अर्थ आकडे निरुपयोगी होते असा नाही हं. वुहानच्या १९१ पेशंटचा अभ्यास मार्च २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, दाखल होताना डी-डायमर १ मायक्रोग्रॅम पर मिलिलिटरच्या वर असलेल्यांत मृत्यूचा धोका बराच जास्त होता. दाखल झालेल्या, दम लागलेल्या माणसात हे आकडे कोणाकडे जास्त लक्ष द्यायचं ते सांगतात.

टेस्टट्यूब

+१. आणि औषधंच आकडे बदलतात हेही सांगा की डॉक्टर. टोसी दिल्यावर सीआरपी धाडकन खाली येतो आणि घरचे पेढे वाटतात.

रक्तपिपासू

हो, राहिलंच. टोसी आयएल-६ चा रिसेप्टर अडवतं, म्हणजे यकृताला जाणारा निरोपच तुटतो. सीआरपी पडतो, माणूस सुधारो वा न सुधारो. नंतर नवीन बॅक्टेरिया शिरला तरी सीआरपी गप्प राहू शकतो. आणि त्याच वेळी रक्तातलं आयएल-६ वाढलेलं दिसतं कारण ते अडून राहिलेलं असतं. स्टेरॉइडचंही तसंच, पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट कमी होतात, मग तो लोकांचा आवडता एनएलआर, एकाला दुसऱ्याने भागायचं ते, आपोआप वर जातो. स्टेरॉइड सुरू केल्यावर एनएलआर वाढला म्हणून स्टेरॉइड वाढवलं, असंही पाहिलंय मी.

डच_पोळी

बाप रे. स्वतःची शेपटी पकडणारं मांजर.

अवांतर: मेतकूट भात वाचून भूक लागली, इथे मेतकूट मिळत नाही.

निशिगंध

अवांतराला अवांतर: घरी करा की, डाळी भाजून मिक्सरला फिरवायच्या. पाककृती तुमच्या विचारपुशीत टाकते.

मुळशीकर

अपडेट देतो. आज सहावा दिवस. ताप काल दुपारपासून नाही, खोकला आहे, थकवा भरपूर. आतेभावाला रिकव्हरीचा प्रतिसाद फॉरवर्ड केला, त्याने अंगठा दाखवलाय, वरचा की खालचा ते स्क्रीन फुटल्यामुळे दिसत नाही असं बाबांचं म्हणणं. डॉक्टर काल घरी येऊन छाती तपासून गेले, सहा मिनिटं घरातल्या घरात चालायला लावलं, सॅच्युरेशन ९६ च्या खाली गेलं नाही. सीआरपी परत करू का विचारलं तर म्हणाले, करून मी काय वेगळं करणार आहे? लॅबच्या अॅपचं मात्र रोज नोटिफिकेशन येतंय की तुमचे पाच पॅरामीटर अॅबनॉर्मल आहेत, फॉलोअप पॅकेजवर सूट.

अण्णा_नाशिक

बघा!! मी पहिल्या प्रतिसादात काय म्हणालो होतो. असो, बाबा बरे होतायत, छान. त्यांना म्हणावं आठ दिवस तरी बागेत फेऱ्या मारायची घाई नको.

कृष्णाकाठ

काल रात्री माळ्यावरून ती फाइल काढली. वहिनीला काही बोललो नाही, बँकेचे कागद शोधतोय म्हणालो.

गावचा रिपोर्ट, पाचवा दिवस. सीआरपी ६.२, खाली बारीक अक्षरात मिलिग्रॅम पर डेसिलिटर. हॉस्पिटलचा रिपोर्ट, सातवा दिवस. सीआरपी ५८, मिलिग्रॅम पर लिटर.

टेस्टट्यूब

दादा, म्हणजे ६२ चा ५८ झाला होता.

कृष्णाकाठ

हो. कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. आणि अॅडमिशनच्या कागदावर सॅच्युरेशन ९६ लिहिलंय, ऑक्सिजनच्या रकान्यात काट मारलेली आहे.

रक्तपिपासू

व्यक्तिगत निरोप केलाय. बघा वेळ मिळेल तेव्हा.